स्टेपनीच्या हवेवर काच धुणारी गाडी

टायर बसला की आपण "स्टेपनी काढ" म्हणतो ना, तो शब्द मुळात एका रस्त्याचं नाव आहे. वेल्समधल्या लानेथ्ली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे, तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये पंक्चर चाकाला जोडायची जादा रिम विकायला काढली, कारण तोवर गाडीसोबत स्पेअर चाक मिळतच नव्हतं, रस्त्याच्या कडेला बसायचं, टायर उतरवायचा आणि ठिगळ लावायचं. खुद्द ब्रिटनमध्ये तो शब्द मागे पडला, आपल्या गॅरेजवाल्यांनी मात्र जिवंत ठेवला.

पुढे याच स्टेपनीकडून जर्मन लोकांनी वेगळंच काम करून घेतलं. साठच्या दशकातल्या फोक्सवॅगन बीटलमध्ये पुढची काच धुवायच्या पाण्याला पंपच नव्हता, पाण्याच्या टाकीतून एक नळी थेट स्टेपनीच्या व्हॉल्व्हला जोडलेली, बटण दाबलं की टायरातली हवा पाणी ढकलणार. आता स्टेपनीच बसली तर काय करायचं? तर मध्ये एक व्हॉल्व्ह होता, प्रेशर ठरावीक पातळीखाली गेलं की तो बंद व्हायचा, टायर वापरण्याजोगा राहायचा. मला विचाराल तर याच्यापुढे हल्लीची टचस्क्रीन म्हणजे काहीच नाही.

असले उद्योग कशासाठी, तर तेव्हा गाडीत वीजच बेताची. बऱ्याच गाड्यांची बॅटरी ६ व्होल्टची, त्यामुळे जिथून फुकट ताकद मिळेल तिथून घ्यायची. अमेरिकन गाड्यांचे वायपर कित्येक वर्षं इंजिन हवा आत ओढताना जो व्हॅक्यूम तयार होतो त्यावर चालायचे. पण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम कमी होतो, म्हणजे भर पावसात घाट चढताना, नेमकी गरज असताना, वायपर रेंगाळणार किंवा चक्क थांबणार! फ्रान्सच्या सिट्रोएन २सीव्हीत (१९४८) वायपर स्पीडोमीटरच्या केबलवर फिरायचा, गाडी थांबली की तोही थांबला, मग आतून हाताने फिरवा.

बीटलला सुरुवातीची कितीतरी वर्षं पेट्रोलचा काटाही नव्हता. इंजिन आचके द्यायला लागलं की पायाशी असलेला नॉब फिरवून रिझर्व्हवर घ्यायचं. आपल्याकडे बजाजची स्कूटर चालवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि फियाट-अ‍ॅम्बेसेडरची ती पुढची त्रिकोणी काच, ती तिरकी केली की वारा थेट अंगावर, एसीची गरज कुणाला होती?

सगळ्यात कहर सिट्रोएन डीएसचा. १९५५ च्या पॅरिस मोटर शोमध्ये पहिल्याच दिवशी १२,००० बुकिंग झाली म्हणतात. इंजिनवरच्या एकाच पंपाचं दाबाखालचं तेल सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग सगळ्याला पुरायचं. १९६७ पासून पुढच्या चार हेडलाइटांपैकी मधले दोन स्टिअरिंगबरोबर वळायला लागले, म्हणजे वळणावर पुढचं आधीच दिसणार. चाक बदलायला जॅक मारत बसायचंच नाही, लिव्हरने त्याच तेलाच्या दाबावर गाडी पूर्ण उचलायची, खाली टेकू लावायचा, लिव्हर उलटा केला की चाकच वर उचललं जाणार. फक्त मागचं चाक बदलायचं असेल तर आधी अख्खं मडगार्ड काढावं लागायचं, पण त्यालाही एकच बोल्ट होता.