शुद्ध, भान आणि जाणीव

कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीत डाव फसून पैलवानाच्या डोक्याला मार बसला आणि तो निपचित पडला, की वस्ताद त्याच्या तोंडावर पाणी मारतात, मात्र त्याने डोळे उघडले म्हणून ते निर्धास्त होत नाहीत, तर "कुठं हाईस? जोड कुणासंगं हुती?" असे विचारून खात्री करून घेतात. डोळे उघडले म्हणजे शुद्ध आली. उत्तर नीट आले, तर भान आले. १९७४ मध्ये ग्लासगोत तयार झालेल्या आणि रुग्ण कितपत शुद्धीवर आहे हे मोजायला आज जगभर वापरल्या जाणाऱ्या मोजपट्टीतही डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ गुण असून, बोलण्याचे पूर्ण गुण स्थळकाळाचे भान असलेल्यालाच मिळतात.

इंग्रजीत मात्र शुद्ध, भान आणि मनात उमटणारी जाणीव या तिन्हींसाठी 'कॉन्शसनेस' हा एकच शब्द चालतो, आणि या विषयावरच्या वादांतला बराच गुंता त्यातूनच होतो, असे मला वाटते. त्याच्या लॅटिन मुळात 'सह' आणि 'जाणणे' असे दोन भाग आहेत. रोमन लोक तो एखादी गोष्ट, पुष्कळदा गुपित किंवा अपराध, दुसऱ्याच्या जोडीने ठाऊक असण्यासाठी वापरत. पुढे माणूस स्वतःच स्वतःच्या कृत्याचा साक्षी ठरला आणि शब्दाला सदसद्विवेकाचा अर्थ आला. सतराव्या शतकात इंग्रजीने विवेकाचा अर्थ 'कॉन्शन्स'कडे ठेवून निव्वळ जाणिवेसाठी हा वेगळा शब्द रूढ केला. राल्फ कडवर्थ यांनी १६७८ मध्ये तो तत्त्वज्ञानात आणला, तर 'स्वतःच्या मनात जे चालते त्याचे आकलन' ही त्याची व्याख्या जॉन लॉक यांची. फ्रेंचमध्ये अजूनही दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात.

आपल्या 'संज्ञा' या शब्दाची घडण अगदी अशीच आहे: 'सम्' म्हणजे एकत्र, 'ज्ञा' म्हणजे जाणणे. आज आपण तो पारिभाषिक शब्द या अर्थाने वापरतो, पण भूल देण्याच्या शास्त्राला 'संज्ञाहरण' म्हणताना त्याचा जुना अर्थ जागा होतो. 'भान' हा शब्द 'भा' म्हणजे प्रकाशणे या धातूचा.

शुद्धीचा धागा मेंदूच्या देठापर्यंत पोहोचतो, हे मेंदूशास्त्रज्ञ मोरुत्सी आणि मॅगून यांनी १९४९ मध्ये दाखवले. तिथल्या पेशीजालाला विजेची चेतना देताच मांजराच्या मेंदूतील संथ लहरी जागेपणीच्या लहरींसारख्या झाल्या. जाणिवेचे कोडे मात्र वेगळे आहे, आणि तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये त्यालाच 'कठीण प्रश्न' म्हटले. वस्तादांच्या प्रश्नांना पैलवानाने अचूक उत्तरे दिली, तरी ताक, हळद आणि लिंबू मुरलेल्या तांबड्या मातीचा वास त्या क्षणी त्याला कसा जाणवला, हे त्या उत्तरांतून कळत नाही.