मंत्रचळातील नकोशा शारीरिक संवेदना

मंत्रचळ म्हणजेच ओसीडी (ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) हा मनोविकार म्हटला की वारंवार हात धुणे आणि कुलूप ओढून पाहणे डोळ्यांसमोर येते. काही रुग्णांत मात्र अनिवार्य विचार, म्हणजे नको असताना पुनःपुन्हा येणारा विचार, स्वतःच्याच शरीराला चिकटतो. श्वास, आवंढा, पापण्यांची उघडझाप, हृदयाचे ठोके, तोंडातली जिभेची जागा, लघवीची जाणीव, डोळ्यांपुढे तरंगणारे ठिपके अशा एरवी ध्यानीमनी नसलेल्या गोष्टी एकदा जाणवतात आणि मग जाणवतच राहतात. ही संवेदना खोटी नसते आणि बहुतेक वेळा धोक्याचीही नसते. माणसाला पोखरते ती तिच्यामागची धास्ती : हे आता जन्मभर असेच राहणार, माझा अभ्यास गेला, झोप गेली.

माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो आणि जवळपास तितक्याच वेळा पापण्या मिटतो. या क्रिया आपोआप चालतात, पण मनात आणले तर त्या हातातही घेता येतात. लक्ष गेले की माणूस नकळत श्वास ‘चालवू’ लागतो आणि आपण सोडले तर तो थांबेल असे त्याला वाटते. तो थांबत नाही. लक्ष हटवण्याचा आटापिटा केल्याने अडचण वाढते, कारण संवेदना गेली का हे पाहण्यासाठी तिच्याकडेच पाहावे लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगून केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. दाबलेला विचार पुनःपुन्हा डोके वर काढतो, हे त्यात दिसले. म्हणूनच ‘मन दुसरीकडे रमव’ हा घरोघरी मिळणारा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी इथे फारसा कामाचा नाही.

पुण्यात सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले दिवसच्या दिवस शांततेत बसतात. पंख्याच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही अशा खोलीत एखाद्याला आपलाच आवंढा ऐकू येतो. शेजारच्यालाही ऐकू गेला असेल का? पुढचा आवंढा तो धरून ठेवतो. तोंडात लाळ साठते, घसा आवळतो आणि शेवटी गिळावे लागते तेव्हा आवाज आधीपेक्षा मोठा येतो. मग पाण्याची बाटली सतत हाताशी, कानात इअरफोन, भिंतीकडची जागा मिळावी म्हणून सकाळी लवकर येणे. राज्यघटनेचे पुस्तक त्याच पानावर उघडे राहते. बाटली, इअरफोन आणि ती जागा, या त्याच्या अनिवार्य कृतीच आहेत, म्हणजे भीती शमवण्यासाठी पुनःपुन्हा कराव्याच लागणाऱ्या गोष्टी. बाहेरून त्या साध्या सवयी दिसतात, म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाहीत.

सर्वांत जास्त लपवला जातो तो जननेंद्रियांतील संवेदनेचा प्रकार. लहान मूल, नात्यातली व्यक्ती किंवा देवाची मूर्ती यांच्याबद्दल नको तो विचार येईल या भीतीने रुग्ण स्वतःच्या शरीरावर पहारा ठेवतो. शरीराच्या कोणत्याही भागावर लक्ष रोखले की तिथे काहीतरी जाणवतेच आणि ते जाणवणे त्याला आपल्याविरुद्धचा पुरावा वाटते. प्रत्यक्षात शरीराचा प्रतिसाद आणि मनाची इच्छा यांचा मेळ असतोच असे नाही, हे लैंगिकतेच्या संशोधनातून पुढे आलेले आहे. तरीही मामा भाचीला कडेवर घेणे सोडतो, सून देवघरात जायचे टाळते. विचार स्वतःच्या मूल्यांच्या विरुद्ध आहे म्हणूनच तो इतका छळतो. अशा रुग्णाला विकृत समजणे हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे.

उपचारात सर्वाधिक भरवशाची पद्धत ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन), म्हणजे भीती वाटणाऱ्या गोष्टीला ठरवून सामोरे जाणे आणि नेहमीची अनिवार्य कृती न करणे. तिचा पाया व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये घातला. इथे सामोरे जायचे असते ते संवेदनेलाच. आवंढ्याचा रुग्ण बाटली घरी ठेवून अभ्यासिकेत बसतो. वहीच्या कोपऱ्यात एक ठिपका काढतो आणि तो दिसला की मुद्दाम आवंढ्याकडे लक्ष देतो : आहेस, बरं, राहा. मग संवेदना असतानाच पुढचा परिच्छेद वाचतो. ठोक्यांची धास्ती असलेला माणूस पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या चढतो आणि वर पोचल्यावर नाडी धरत नाही, मनगटावरच्या घड्याळात आकडा पाहत नाही, धडधडत्या छातीनेच खालचे शहर पाहतो. हे उपचारतज्ज्ञाबरोबर सोप्याकडून अवघडाकडे जात करायचे असते. संवेदना गेली की नाही हा इथे निकष नसतो. ती असतानाही ठरवलेले काम झाले, तर त्या दिवसाचा सराव पार पडला. बऱ्याच जणांत जाणीव पुढे आपोआप मागे सरते, पण तिच्या जाण्याची वाट पाहणे हीच नवी तपासणी होऊन बसते.

श्वासाशी निगडित साधनांबाबत पुण्यात विशेष जपायला हवे, कारण योग, प्राणायाम आणि विपश्यना या शहराच्या रोजच्या जगण्यात आहेत. श्वास जसा आहे तसा जाणवू देणे उपकारक ठरू शकते. पण ‘श्वास बरोबर बसावा’ म्हणून दिवसातून पाच वेळा अनुलोम-विलोम करणे ही अनिवार्य कृतीच होय. ज्यांचा त्रास श्वासाचाच आहे, त्यांनी दीर्घ मौन शिबिराला जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

घरच्यांचा वाटा मोठा असतो. ‘आई, माझा श्वास नीट चाललाय ना?’ या प्रश्नाला ‘हो रे बाळा’ म्हटले की थोडा वेळ सुटका होते आणि प्रश्न पुन्हा येतो. आधी एकत्र ठरवून घेतल्यावर आई म्हणू शकते, ‘हे तू नाही, ओसीडी विचारतोय. मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते.’

औषधांत फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन यांसारखी एसएसआरआय गटातील, म्हणजे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी, औषधे प्रथम दिली जातात. क्लोमिप्रामिन हे या गटाच्या आधीपासूनचे जुने औषध. नैराश्यापेक्षा मात्रा बहुधा जास्त लागते आणि गुण येण्यास ८ ते १२ आठवडे जातात. ती मनाने बंद करू नयेत.

शारीरिक तपासणी एकदा नीट व्हावीच. अन्न अडकणे, वजन उतरणे, श्रम करताना छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अचानक खूप ठिपके किंवा चमक दिसणे ही लक्षणे मंत्रचळाच्या खात्यात टाकू नयेत. मात्र निर्वाळा मिळाल्यावर चौथी एण्डोस्कोपी आणि सहावा ईसीजी काढणे म्हणजे आजाराला खाद्य पुरवणे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये मंत्रचळाचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळले. पाहणीतल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पुण्यात ससून रुग्णालयाचा मनोविकारशास्त्र विभाग आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय ही सरकारी ठिकाणे आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. पहिल्या भेटीत ‘मला सारखा आवंढा जाणवतो’ एवढेच सांगितले, तर चर्चा घशाभोवतीच राहते. तो जाणवू नये म्हणून आपण दिवसभर काय काय करतो, हे सांगितले की डॉक्टरांना निदानाची वाट सापडते.