सुहार्तोनंतरचा इंडोनेशिया : मोकळे रस्ते, असुरक्षित समुद्र

१२ मे १९९८ रोजी जकार्तातल्या त्रिशक्ती विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात मारले गेले. शहर पेटले, विद्यार्थ्यांनी संसदेचे आवार व्यापले आणि २१ मे रोजी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी राजीनामा दिला. तीस वर्षांहून जुनी राजवट नऊ दिवसांत पडली असे वाटते खरे. पण १९९७च्या आर्थिक संकटात देशाचे चलन रुपिया गडगडला तेव्हाच तिचा पाया खचला होता.

सुहार्तोंच्या जागी राष्ट्राध्यक्ष झालेल्या हबीबी यांच्या काळात, त्याच वर्षी, कायदा क्रमांक ९ झाला. मोर्चासाठी आता परवानगी लागणार नव्हती. पोलिसांना तीन दिवस आधी लेखी सूचना दिली की पुरे. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, रुग्णालये, प्रार्थनास्थळे, विमानतळ आणि बंदरे मात्र वगळली गेली. शिवाय सूचनेची पोच देणार पोलीसच, त्यामुळे ती अडवून धरली की झाली परवानगीच! एप्रिल १९९९मध्ये पोलीस दल लष्करापासून वेगळे झाले.

समुद्रावर याच सुमारास उलटे घडत होते. आंतरराष्ट्रीय सागरी ब्युरोने २००० साली जगभरात जहाजांवरचे चाच्यांचे ४६९ हल्ले नोंदवले. त्यांतले ११९ इंडोनेशियाच्या पाण्यात, ७५ सुमात्रा बेट आणि मलेशिया यांमधल्या मलाक्का सामुद्रधुनीत. लोकशाही आली, धाक गेला आणि चाचे माजले, हे स्पष्टीकरण सोपे आहे, पण मला पटत नाही. सुहार्तो भक्कम असतानाही सिंगापूरजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यात जहाजे लुटली जात होती; म्हणून तर १९९२मध्ये सिंगापूर आणि इंडोनेशियाने समन्वयाने गस्त सुरू केली. नंतरच्या वाढीमागे संकटाने आणलेली बेकारी आणि नौदल, सागरी पोलीस व सीमाशुल्क खाते यांच्यात विभागलेली जबाबदारी, ही कारणे अधिक खरी.

या काळातले एक प्रकरण थेट मुंबईच्या कोर्टात आले. ऑक्टोबर १९९९मध्ये सुमात्राच्या क्वाला तांजुंग बंदरातून ॲल्युमिनियम घेऊन निघालेले 'अलोन्द्रा रेनबो' हे जहाज चाच्यांनी पळवले आणि खलाशांना तराफ्यावर सोडून दिले. नोव्हेंबरमध्ये भारतीय तटरक्षक दल व नौदलाने पाठलाग करून, नाव बदललेले ते जहाज अरबी समुद्रात पकडले. सत्र न्यायालयाने २००३ साली आरोपींना शिक्षा केली, पण २००५मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले. चाचेगिरीसाठी भारतात तेव्हा वेगळा कायदाच नव्हता.

अडचण सार्वभौमत्वाचीही होती. आंतरराष्ट्रीय कायद्यात चाचेगिरी म्हणजे खुल्या समुद्रावरची लूट. मलाक्कातले बरेच हल्ले मात्र कुणा ना कुणा देशाच्या सागरी हद्दीत होत. २००४मध्ये अमेरिकेच्या गस्तीची चर्चा निघताच इंडोनेशिया आणि मलेशियाने विरोध केला, आणि जुलैत सिंगापूरला घेऊन स्वतःच गस्त सुरू केली. प्रत्येकाची जहाजे आपापल्या पाण्यात. २००५मध्ये लंडनच्या विमा बाजाराने सामुद्रधुनीला युद्धजोखमीच्या, म्हणजे जादा विमा हप्त्याच्या, यादीत टाकले. तेव्हा हवाई टेहळणीही आली. ऑगस्ट २००६मध्ये सामुद्रधुनीचे नाव यादीतून निघाले. हल्ले कमी व्हायला डिसेंबर २००४ची त्सुनामी आणि सुमात्राच्या उत्तर टोकावरच्या आचे प्रांतातल्या बंडखोरांशी ऑगस्ट २००५मध्ये झालेला शांतता करार यांनीही हातभार लावला असावा.

रस्त्यांवर मात्र दोर पुन्हा आवळला जातो आहे. डिसेंबर २०२२मध्ये संमत झालेली नवी दंडसंहिता २ जानेवारी २०२६पासून लागू झाली. पूर्वसूचनेविना निघालेल्या मोर्चामुळे सार्वजनिक व्यवस्था बिघडली, तर तीत सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. १९९८च्या कायद्यात असा मोर्चा पांगवण्याचीच तरतूद होती.