खंदक खणला म्हणून छावणीचा किल्ला होत नाही

छावणीलाही कधी खंदक असतो, मातीचा बांध असतो, चहूबाजूंना पहारा आणि तोफाही असतात. त्यामुळे जुन्या लढायांबद्दल वाचताना किल्ला आणि छावणी यांची हमखास गल्लत होते. खरा फरक तटबंदीत नाहीच. किल्ला जागेसाठी बांधतात. घाट, बंदर किंवा नदीचा उतार राखायला. छावणी सैन्यासाठी असते. सैन्य हललं की तीही उठते.

रोमन सैन्य दिवसभराची चाल संपली की खंदक खणायचं, निघालेल्या मातीचा बांध घालायचं आणि सोबत आणलेले टोकदार खुंट त्यावर रोवायचं. आतल्या वाटा नि तंबूंच्या जागा ठरलेल्या. सकाळी कूच. एवढी मेहनत एका रात्रीच्या निर्धास्त झोपेसाठी!

किल्ल्याचं बळ मात्र आतल्या साठ्यात. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातली गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारं नीट पाहा. जाडजूड भिंती आणि धान्य वरून ओतायला छतात ठेवलेली भोकं. एवढी बेगमी असली की थोडी शिबंदीही मोठ्या फौजेला महिनोन्‌महिने झुंजवते. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा दिला, तेव्हा वर किल्ला आणि खाली छावणी अशी समोरासमोर होती. पावसाळ्यात वेढा ढिला पडतो, हा नेहमीचा हिशेब. जौहरने छपरं उभारली आणि भर पावसात ठाण मांडलं.

याउलट पानिपत. सदाशिवरावभाऊंनी छावणीभोवती खंदक खणला, तोफा मांडल्या. बचाव पक्का होता, पण आत कोठारं नव्हती आणि लढवय्यांबरोबर हजारो बिनलढाऊ माणसं होती. अब्दालीने रसद तोडली. उपासमार सुरू झाली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी खंदक सोडून बाहेर पडावंच लागलं. माझ्या मते हा फरक इतक्या कठोरपणे दुसऱ्या कुठल्याच लढाईने दाखवलेला नाही.

आजच्या नावांवर मात्र विसंबू नये. अमेरिकी लष्करात साधारणपणे तात्पुरत्या तळाला कॅम्प आणि कायमच्या तळाला फोर्ट म्हणत आले आहेत, मग तट-बुरूज असोत वा नसोत. १९१८ चा कॅम्प नॉक्स १९३२ मध्ये फोर्ट नॉक्स झाला. त्यांच्या मरीन कोअरचा कॅम्प पेंडलटन १९४२ पासून आहे, कायमचा आहे, तरी नाव कॅम्पच.