जमिनीखाली तेल म्हणजे घरात पैसा?

‘ज्यांच्या जमिनीत तेल सापडते ते लोक आपोआप श्रीमंत होतात, मग नायजेरियातील ओगोनी जमातीची तक्रार कसली?’ अशा आशयाचा मजकूर वर्षानुवर्षे फिरत असतो. तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्यात जमिनीचा मालक तोच तेलाचा मालक असे गृहीत धरलेले असते. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील ओगोनींच्या भूमीत १९५८ मध्ये तेल सापडले खरे. परंतु त्या देशात खनिज तेल, मग ते कोणाच्याही शेताखाली असो, केंद्र सरकारच्या मालकीचे असते. १९९९ च्या राज्यघटनेतील कलम ४४(३) मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे, आणि कलम १६२(२) नुसार महसुलातील किमान १३ टक्के वाटा मिळतो तो उत्पादक राज्यांना, गावाला किंवा शेतकऱ्याला नव्हे. (राज्याची तिजोरी आणि गावचा पाणवठा यांत बरेच अंतर असते.) ही दोन्ही कलमे कोणालाही वाचून पाहता येतात.

गावाच्या वाट्याला आली ती तेलगळती. खाडीच्या पाण्यावर तवंग पसरला, खारफुटीच्या मुळांवर काळा थर चढला आणि मासेमारी बुडाली. म्हणूनच १९९० च्या ओगोनी हक्कांच्या जाहीरनाम्यात राजकीय स्वायत्ततेबरोबरच स्वतःच्या साधनसंपत्तीतील न्याय्य वाट्याची मागणी होती. १९९३ मध्ये तेथील उत्पादन थांबले. मातीत मुरलेले तेल मात्र राहिलेच.