"साहेब कधी येणार?"

लातूर-नांदेडकडच्या बांधकामावर आर्किटेक्ट बाई पहिल्यांदा पोचली की मेस्त्री अदबीने खुर्ची पुसून देतो, चहा सांगतो आणि विचारतो, "मॅडम, साहेब कधी येणार?" हातातला नकाशा तिचा, खालची सही तिची, तरी साहेब यायचे राहिलेलेच असतात. या प्रश्नाची मुळं जुनी आहेत.

बांधवून घेणाऱ्या बायका मराठवाड्याला नव्या नाहीत. परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, वेरूळच्या शिवालय तीर्थाचं कामही त्यांचंच. पण त्या राज्यकर्त्या होत्या. इतर घरांत वाटणी ठरलेली: भिंत उभी करायची गवंड्याने, ती लिंपायची आणि दर सणाला सारवायची बाईने.

पदवीची वाट मुंबईत फुटली. पेरीन मिस्त्री यांनी 1936 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून वास्तुकलेची पदविका घेतली. देशातल्या पहिल्या महिला वास्तुविशारद म्हणून त्यांचंच नाव घेतात. वडीलही याच पेशातले, त्यामुळे खुर्ची त्यांच्याच ऑफिसात मिळाली. वडिलांचं, नाहीतर नवऱ्याचं ऑफिस, हा शिरस्ता पुढे बऱ्याच जणींच्या वाट्याला आला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुक्त झाला 17 सप्टेंबर 1948 ला. पुढे 1972 च्या कायद्याने आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला नोंदणी सक्तीची केली, आणि 1983 नंतर राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयं निघू लागली. त्याआधी हे शिकायचं तर मुलीला पाच वर्षं मुंबई-पुण्याच्या वसतिगृहात ठेवावं लागे. किती बाप तयार झाले असतील?

मला मात्र खरं वळण कॉलेजात दिसत नाही, ते किल्लारीत दिसतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत भूकंपात सुमारे 8 हजार माणसं गेली. बरीचशी आपल्याच घराखाली: जाडजूड दगडमातीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडावर माती घातलेलं सपाट छत, आणि माळवदावर दरवर्षी चढत गेलेला मातीचा थर. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेलेच नव्हते. जमीन हलली आणि भिंत मधूनच फाकली.

पुरती उद्ध्वस्त झालेली गावं सरकारने नव्या जागी वसवली. त्याहून कितीतरी जास्त गावांत आहे तेच घर दुरुस्त करून मजबूत करायचं ठरलं, आणि इथे बायका आल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. दुरुस्ती कशी करायची ते त्या घरोघर समजावत, कामावर लक्ष ठेवत. भिंतीला आरपार भोक पाडून त्यात वाकवलेली सळई ठेवायची, काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही अंगांचे दगड बांधले जातात. माळवदावरची माती कमी करायची. सळई न टाकताच भोक बुजवणाऱ्या गवंड्याला हटकायचं तर हे सगळं ठाऊक असावं लागतं. यांतल्या अनेकींनी तोवर गावच्या बैठकीत तोंड उघडलेलं नव्हतं. त्यांना कुणी आर्किटेक्ट म्हटलं नाही, आणि कायद्याने त्या नव्हत्याही. पण बांधकामावर बाईचा शब्द चालतो, हे इथल्या मेस्त्रीने पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्यामुळे.

पदवीवाल्या मुलींची अडचण वेगळी आहे. आपल्याकडची ऑफिसं चार-पाच माणसांची. 2017 पासून बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली खरी, पण तो कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसांना लागू. बाकी ठिकाणी मालकाची मर्जी. मग ती घरून नकाशे काढून देते आणि साइट सुटते. जगाचंही फार वेगळं नाही म्हणा: वास्तुकलेतलं सगळ्यात मानाचं, 1979 पासून दिलं जाणारं प्रित्झ्कर पारितोषिक पहिल्या बाईला, झाहा हदीद यांना, मिळालं 2004 मध्ये.

नुसत्या नकाशाने गुत्तेदार (कंत्राटदार) बधत नाही. तो बधतो बिलाला. बऱ्याच ऑफिसांत डिझाइन मॅडमचं, पण गुत्तेदाराचं रनिंग बिल, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणारं बिल, तपासायचं ते सरांनी. जिथे ते मॅडमच्या टेबलावर येतं आणि प्लास्टरचा ओळंबा चुकला, म्हणजे ते सरळ उभं नाही, म्हणून परत जातं, तिथे पुढच्या खेपेला मेस्त्री साहेबांची चौकशी करत नाही. तो आधी ओळंबा काढून ठेवतो.