मायोर्काचा बिननावाचा शिकारी: पार्श्वभूमी

डिसेंबर 2024 मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या एका सुळेवाल्या शिकारी प्राण्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. बातम्यांमध्ये तो कुठे 'प्रागैतिहासिक सरीसृप' ठरला, तर कुठे 'सस्तन प्राण्यांचा पूर्वज'. दोन्ही लेबलं ढोबळ आहेत. हा प्राणी गॉर्गोनॉप्सियन, म्हणजे थेरॅप्सिडांपैकी एक. सस्तन प्राणी ज्या मोठ्या शाखेतून आले त्याच शाखेची ही एक फांदी, पण आपल्यापर्यंत न पोचलेली. पर्मियनच्या (सुमारे 30 ते 25 कोटी वर्षांपूर्वीच्या काळाच्या) अखेरच्या महाविलोपनाच्या सुमारास हा गट मागे वंश न ठेवता नाहीसा झाला. जुन्या पाठ्यपुस्तकांतला 'सस्तनसदृश सरीसृप' हा शब्द आता तज्ज्ञ वापरत नाहीत. बातम्या मात्र अजून त्याच्यावरच चालतात.

बेटाची जीवाश्मांबद्दलची जुनी ओळख अगदी वेगळी होती. 1909 मध्ये एका ब्रिटिश संशोधिकेने इथल्या गुहांमधून समोर डोळे असलेल्या, उंदरासारखे सतत वाढणारे पटाशीचे दात असलेल्या बुटक्या शेळीवर्गीय प्राण्याचं, मायोट्रॅगसचं, वर्णन केलं. पुढे 1914 मध्ये तिनेच शेजारच्या मेनोर्कावरच्या महाकाय कासवाला नाव दिलं. 1977 मध्ये मायोर्कातल्या गुहेतल्या हाडांवरून बेडकाची एक नवी जात जाहीर झाली. ती नामशेष समजली गेली, आणि दोनेक वर्षांतच ती डोंगरातल्या ओढ्यांमध्ये जिवंत सापडली. 2009 मधल्या एका अभ्यासाने तर मायोट्रॅगसच्या हाडांत सरीसृपांसारख्या थांबून-थांबून झालेल्या वाढीच्या खुणा दाखवल्या. म्हणजे सरीसृपासारखी वाढणारी शेळी आणि सरीसृप म्हणून गाजलेला सस्तनांचा नातलग, दोन्ही एकाच बेटावरचे. पण हे सगळं गेल्या काही दशलक्ष वर्षांचं, 'बेटावरचं' जग. नवा शिकारी जगला तेव्हा बेटही नव्हतं आणि भूमध्य समुद्रही नव्हता.

हा प्राणी बान्यालबुफार गावाजवळच्या लाल खडकांत मिळाला. हे खडक सेरा दे त्रामुंताना डोंगररांगेच्या पायथ्याशी, वायव्य किनाऱ्यावर उघडे पडले आहेत. ही रांग 2011 पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण ती दगडी बांध आणि पायऱ्यांच्या शेतांसाठी. खाली काय दडलंय याचा त्या निवडीशी संबंध नव्हता. डायनोसॉरच्या काळातले इथले बहुतेक थर समुद्रात साठलेला चुनखडक आहेत. त्यामुळे जमिनीवरच्या प्राण्यांची हाडं हवी असतील तर त्याखालच्या पर्मियनच्या लाल मातीकडेच जावं लागतं. तेव्हा ही जागा विषुववृत्ताजवळ, पँजिया या तेव्हाच्या एकसंध महाखंडाच्या आत, आज काँगो किंवा गिनी आहे त्या अक्षांशांवर होती. पावसाळी आणि कोरडे ऋतू आलटून-पालटून येत आणि पूरमैदानात तात्पुरती डबकी साठत.

याच खडकांतून आधी कॅप्टोरिनिड या सरड्यासारख्या दिसणाऱ्या आदिम प्राण्यांच्या गटातला एक शाकाहारी प्राणी जवळजवळ संपूर्ण सांगाड्यासह मिळाला आणि डोंगररांगेवरून त्याला त्रामुंतानासॉरस हे नाव मिळालं. मेनोर्कावरही 2021 मध्ये कॅप्टोरिनिडांचं वर्चस्व असलेला पर्मियन प्राणिसमूह नोंदला गेला. यांना तरी निर्धास्तपणे सरीसृप म्हणावं, तर काही अलीकडच्या वंशवृक्षांत कॅप्टोरिनिडही सरीसृपांच्या बाहेर ठेवले गेले आहेत. गॉर्गोनॉप्सियन आणि कॅप्टोरिनिड ही जोडी आपल्याला अगदीच परकी नाही. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, तेलंगणातल्या कुंदारमच्या खडकांत, दोन्ही गटांचे अवशेष मिळाले आहेत. मात्र ते उत्तर-पर्मियनचे, म्हणजे मायोर्काच्या मानाने बरेच नंतरचे.

खरा प्रश्न वयाचा आहे. अभ्यासकांनी या गॉर्गोनॉप्सियनचं वय 28 ते 27 कोटी वर्षं असं दिलं, आणि त्यावरून थेरॅप्सिड विषुववृत्ताजवळ उगम पावले असावेत असं सुचवलं. हे सुचवणं का महत्त्वाचं, ते कळायला पर्मियनची एक जुनी अडचण लक्षात घ्यावी लागते. पूर्व-पर्मियनचे जमिनीवरचे जीवाश्म प्रामुख्याने तेव्हाच्या विषुववृत्तीय पट्ट्यातले, आजच्या उत्तर अमेरिका आणि पश्चिम युरोपातले आहेत. त्यानंतरचे मुख्यतः रशिया आणि दक्षिण आफ्रिकेतले, म्हणजे वरच्या अक्षांशांवरचे. या दोहोंमधल्या तुटक नोंदीला 'ओल्सनची दरी' म्हणतात. तिथे काळ बदलतो तेव्हाच जागाही बदलते. त्यामुळे थेरॅप्सिड खरोखर तेव्हाच अवतरले, की ते आधीपासून होते आणि आपणच दुसरीकडे खणत होतो, हे सांगता येत नव्हतं. त्यांच्या चुलत शाखेचे, पाठीवर शीड असलेल्या डायमेट्रोडॉनच्या वळणाचे, जीवाश्म तर त्याहून कितीतरी जुने आहेत. तेव्हा थेरॅप्सिडांचा काही कोटी वर्षांचा इतिहास गायब आहे हे आधीपासून ठाऊक होतं.

मायोर्काचा सांगाडा नेमका या दरीत पडतो आणि तोही विषुववृत्तावर, म्हणून त्याचं मोल मोठं. पण 28 कोटी हे टोक धरलं तर तो निर्विवाद थेरॅप्सिडांमध्ये स्पष्टपणे सर्वांत जुना ठरतो. 27 कोटी धरलं तर रशियातल्या आरंभीच्या थेरॅप्सिडांशी त्याचं अंतर अगदीच कमी उरतं. बातम्यांनी बहुधा लांबचंच टोक उचललं. उगमस्थानाचा दावा या एका सांगाड्यावर तोलणं मला घाईचं वाटतं. विषुववृत्तावर जुना थेरॅप्सिड मिळाला म्हणजे ते तिथेच जन्मले असं होत नाही. त्याच काळातले वरच्या अक्षांशांवरचे खडक फारसे हाताशीच नाहीत. मात्र दुसरा निष्कर्ष भक्कम आहे. गॉर्गोनॉप्सियनसारखी ठळक फांदी इतक्या लवकर दिसते, तर थेरॅप्सिडांच्या मुख्य शाखा त्याआधीच फुटलेल्या असणार. वय या पट्ट्यात कुठेही धरलं तरी हे टिकतं.

आणखी एक निर्णय दुर्लक्षित राहिला: या प्राण्याला जातीचं नाव दिलेलंच नाही. तीन मोहिमांत कवटीचे तुकडे, सुळे, मणके, फासळ्या आणि चांगला टिकलेला मागचा पाय मिळाला. सरीसृपांसारखं पाय बाजूला फाकवून चालण्यापासून पाय शरीराखाली आणण्याकडे सुरू झालेला बदल त्या पायात दिसतो. पण गॉर्गोनॉप्सियनांमध्ये जाती वेगळ्या करायला मुख्यतः कवटीच लागते, आणि इथे नेमकी तीच तुटक आहे. 'सर्वांत जुना' हे बिरुद हाती असताना नाव न देणं सोपं नव्हतं. या क्षेत्रात एखाद्या दातावरूनही नव्या प्रजाती उभ्या केल्या गेल्या आहेत. नाव नसल्यामुळे मथळ्यांना 'मायोर्काचा शिकारी' असलं काहीतरी लिहावं लागलं. अधिक चांगली कवटी मिळेपर्यंत शास्त्रीय नोंदीत हा नमुना एवढाच राहतो: गॉर्गोनॉप्सियन, जात अनिश्चित.